तिसऱ्या ट्रॅकमधली शिट्टी

९ फेब्रुवारी

ठोक्या,

हे पत्र तुला आहे. लंबू, पाकीट तू फोडलं असशील तर इथेच थांब, पुढचं आई-मुलाचं आहे. थांबणार नाहीस, माहीत आहे मला. वाच मग. तुझ्याबद्दलही आहेच यात.

तर ठोक्या, तुझी मेल आली. 'नवी रेकॉर्ड, चार नवे ट्रॅक आणि सहा लाइव्ह तारखा. तुमच्या प्रेमाबद्दल सस्नेह आभार.' हो, मला येतात तुझ्या मेल. दोन वर्षं येतायत. खोटं नाव देऊन तुझ्या चाहत्यांच्या यादीत घुसलेय मी. पोटच्या पोराने आठ वर्षांत चार ओळी लिहिल्या नाहीत, तर आईने काय करायचं?

पण 'सस्नेह'? तू? आत्याला आभाराचं पत्र लिही म्हटलं होतं तेव्हा 'मिळालं' एवढा एक शब्द लिहून पाकीट चिकटवणारा तू. ती मेल तुझ्या हातची नाही. तुझ्याबरोबर राहणारा, तुझी मशीनं उचलणारा, तुझ्या मेल बघणारा तो लंबू, त्याचं काम आहे ते. आठ वर्षांपूर्वी तुला न्यायला आला होता तेव्हाच मला तो माणूस पटला नव्हता. माझ्या दारातून आत येताना वाकला आणि वाकल्यासारखाच हसला.

आता दुसरं. रेकॉर्ड मी ऐकली. विकत घेऊन, फोनवर, इयरफोन लावून, चारही ट्रॅक. आणि ठोक्या, मला ती आवडली.

हसू नकोस. तुझं ते टेक्नो संगीत मला कधी झेपलं नाही हे तुला माहीत आहे. आधीच्या तीन रेकॉर्डीही मी ऐकल्यात. वरच्या मजल्यावर कुणीतरी दिवसभर कपाटं सरकवतंय असं वाटायचं. धप् धप्, आणि त्याच्या खाली आणखी एक धप्. लोक नाचतात कशावर, हे मला कळायचं नाही. पण ही? हिच्यात त्या धप् धप्च्या वर काय काय चाललंय! काचेवर नख वाजवावं तसं काहीतरी, मग पत्र्यावर वाळू, मग कुणीतरी फुंकर मारतंय. एकेक आवाज धुऊन पुसून ठेवलेला. चार दिवस मी तेच लावून बसलेय. भांडी घासतानासुद्धा.

इतकी वर्षं जे डोक्यावरून गेलं ते एकाएकी कळायला लागलं, म्हणजे छप्पन्नाव्या वर्षी मी सुधारले का? मुळीच नाही. कुठेतरी पाणी मुरतंय. ही रेकॉर्ड तू केलेली नाहीस.

तुमच्या धंद्यात असं चालतं म्हणे. करायचं एकाने, नाव दुसऱ्याचं. चष्मेवालीने सांगितलं. ती म्हणजे कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसते ती, तू गेल्यावर लागली. तिला तुमच्या जगातलं सगळं माहीत असतं. ती सहज बोलली आणि मी तुझी मेल पुन्हा उघडली. तुझं नाव आहे, फोटो आहे, तारखा आहेत. पण रेकॉर्ड दुसऱ्याने केली, मेल दुसऱ्याने लिहिली, तर मग तू काय करतोयस? तू कुठे आहेस? तुला काही झालंय का?

रेकॉर्डीचं मला काही नाही रे. माझा मुलगा धडधाकट आहे आणि त्याच्या नावावर दुसरं कुणी जगत नाहीये, एवढं मला कळू दे. उत्तर हाताने लिही. टाइप केलेलं मी धरणार नाही.

आई


२४ फेब्रुवारी

आलं बाई उत्तर! टाइप केलेलं!

'प्रिय आई, मी बरा आहे. कामात आहे. रेकॉर्ड माझीच आहे. काळजी नसावी.' काळजी नसावी! विम्याच्या ऑफिसातून आल्यासारखं. मी दहादा वाचलं. 'प्रिय' तू लिहिणार नाहीस, 'नसावी' तुला येत नाही, आणि 'रेकॉर्ड माझीच आहे' यातला तो 'च' कशाला? जे आपलं असतं त्याला कुणी च लावतं का?

आता माझ्याकडे पुरावा आहे. ऐक.

आम्हाला आता काचेची केबिन दिलीय टेस्टिंगला. तुझ्या वेळची ती प्लायवूडची भिंत गेली. भिंतीपलीकडे पत्रा ठोकणारी ती राक्षसी प्रेस होती ना, तीही दुसऱ्या शेडमध्ये नेली. परवा जेवणाच्या सुट्टीत चष्मेवालीने केबिनमध्ये तुझी रेकॉर्ड लावली. पहिले दोन ट्रॅक तिने मान डोलावली. तिसरा सुरू झाला तशी तिने हातातला घास डब्यात ठेवला आणि कान झाकले.

"काकू, ही शिट्टी कसली हो?"

"कसली शिट्टी?"

"अहो ही काय! पहिल्यापासून चाललीय. दाढेत शिरतेय माझ्या."

मी म्हटलं, "हां, ती होय. आहे खरी."

तेव्हा आता मला सांग, अशी शिट्टी तू सोडशील? माझ्या टेबलावर बसून तीन वर्षं पंख्याच्या मोटरी ऐकलेला मुलगा? सत्तावीस वर्षं मी हे काम करतेय. मोटर रबरावर ठेवायची, चालू करायची, कान लावायचा, बेअरिंग कुरकुरत नसेल तर हिरवा शिक्का, नाहीतर लाल. तू सतराव्या वर्षी आलास आणि महिन्याभरात सगळ्यांच्या पुढे गेलास. खरखर सुरू व्हायच्या आधी तुला कळायची. फोरमन म्हणायचा, या पोराच्या कानात देवाने जास्तीची तार घातलीय. प्रेसवाले सगळे कानात बोळे घालून काम करायचे, आपण घालायचो नाही. मीच घालू द्यायचे नाही तुला. बोळे घालून मोटर कशी ऐकणार? तुझे कान मी तयार केलेत ठोक्या. असे कान असलेला माणूस ती शिट्टी बाजारात जाऊ देईल? कदापि नाही. ते लंबूचं काम. तो तुझ्या नावावर कचरा विकतोय.

इथेही काही वेगळं नाही म्हणा. मागच्या वर्षभरात पंखे परत यायला लागलेत, आवाज करतात म्हणून. फोरमन माझ्या तोंडाकडे बघतो. मी स्पष्ट सांगितलं, बेअरिंग पुरवणारा चोर आहे, नमुन्याला एक माल देतो आणि पेटीत दुसरा भरतो. त्याचं तोंडच सांगतं. चष्मेवाली नुसती चष्मा पुसत बसली. तिच्याही मनात काय आहे कोण जाणे.

तुझी पुढची तारीख रेकॉर्डच्या दुकानातली आहे, दुपारची. मी वाचलंय. मी येतेय.

आई


११ मार्च

ठोक्या,

आले होते मी. तुला कुणी सांगितलंच नसेल.

दोन तास बसमध्ये बसून आले. पावणेबाराला दुकानात पोचले आणि मागे कव्हरांच्या रांगेआड उभी राहिले. चाळीस-पन्नास माणसं असतील. मी सोडून सगळी काळ्या कपड्यांत. एका मुलीने मला विचारलं, "तुम्ही मालकांच्या आई का?" मी हो म्हटलं. काय करू?

मग तू आलास. किती वाळलायस रे! खांद्यांवर शर्ट नुसता टांगलेला. जिवंत आहेस हे बघून मला रडू आलं, ते मी गिळलं. पण मग मी बघायला लागले, आणि जे दिसलं त्याने माझं डोकं फिरलं.

तू मशीनसमोर उभा, आणि लंबू तुझ्या शेजारी चिकटून. काहीही बदलायचं असलं की आधी तो तुझ्या कोपराला बोट लावायचा आणि मग तू बटण फिरवायचास. प्रत्येक वेळी. मी मोजत होते, एकोणीस वेळा. आणि तुझे डोळे सारखे त्या पडद्यावर, ते रंगीत डोंगर वरखाली होतात तिथे. ज्याला कान आहे तो माणूस डोळे मिटून ऐकतो. माझ्या टेबलावर तू तसाच ऐकायचास. तिथे उभा होता तो माझा मुलगा नव्हता, त्याच्या अंगात कुणीतरी दुसराच हात घालून हलवत होता.

संपल्यावर दुकानवाल्याने दुसरी रेकॉर्ड लावली, लोक बोलायला लागले. तू माझ्याकडे पाठ करून वायरी गुंडाळत होतास. मी तुझ्यापासून चार पावलांवर आले आणि हाक मारली. "ठोक्या!" पुन्हा मारली. तिसऱ्यांदा इतक्या मोठ्याने मारली की कव्हरं बघणारा एक माणूस दचकून वळला. तू वळला नाहीस. मान तिरकीसुद्धा केली नाहीस. आठ वर्षांनी आईचा आवाज ऐकून माणूस वायरी गुंडाळत राहतो?

लंबूने मात्र ऐकलं. धावतच आला. "काकू, आत्ता नको. तो दमलाय. मी सांगतो त्याला, तुम्ही आलात म्हणून."

"तू कोण सांगणारा? बाजूला हो."

"काकू, प्लीज. लोकांसमोर नको."

लोकांसमोर का नको? कशाची भीती आहे? त्याने मला अलगद दारापर्यंत आणलं, बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. इतकी आस्था कुणी उगाच दाखवत नाही. मी पाणी प्यायले नाही.

ठोक्या, निघालास त्या दिवशी मी बोलले ते सगळं मला पाठ आहे. जळणारी मोटर याच्यापेक्षा बरी वाजते म्हणाले होते. गेलास तर परत येऊ नकोस म्हणाले होते. तुझं संगीताचं मशीन कपाटात ठेवून कुलूपही लावलं होतं मी, आणि ते तू स्क्रू काढून सोडवून नेलंस. त्याचा राग असेल तर तोंडावर बोल. मी ऐकून घेईन. पण तू स्वतः रागावून गप्प आहेस की तुला कुणी गप्प केलंय, हे मला शोधायला लागेल. आणि मी शोधणार आहे.

आई


१४ मार्च

तुझ्या रेकॉर्डी काढणाऱ्या कंपनीला पत्र टाकलं. तिथल्या मुख्य बाईच्या नावाने. काय लिहिलं ते तुला कळावं म्हणून इथे उतरवते.

'मी तुमच्या कलाकाराची आई. सत्तावीस वर्षं कानाचं काम करते. ही नवी रेकॉर्ड माझ्या मुलाची नाही. तिसऱ्या ट्रॅकमधली शिट्टी ऐका. माझा मुलगा ती सोडणं शक्य नाही. त्याच्या नावाआड दुसरं कुणीतरी काम करतंय आणि लाइव्हच्या वेळीही त्यालाच नाचवतंय. चौकशी करा.'

आता बघू लंबू काय करतो.

आई


२ एप्रिल, सकाळी

ठोक्या,

मेल आली. 'काही कारणांमुळे पाच लाइव्ह तारखा पुढे ढकलत आहोत.' मी वाचून टाळी वाजवली. खरं सांगते, वाजवली.

अर्ध्या तासाने लंबूचा फोन. आवाज पार उतरलेला. "काकू, काय केलंत तुम्ही?"

"जे करायला हवं होतं ते."

"कंपनीने पुढची रेकॉर्ड थांबवलीय. त्याने एकट्याने त्यांच्या स्टुडिओत बसायचं आणि त्यांच्यासमोर एक ट्रॅक पहिल्यापासून, एकेक आवाज जुळवून मिक्स करून दाखवायचा. मी बरोबर जायचं नाही. महिनाअखेरची तारीख दिलीय. नाही जमलं तर सरळ जाहीर करणार, की हा फसवतो."

"मग बसू दे की. माझा मुलगा आहे तो. बसेल आणि दाखवेल."

"तो एकटा नाही बसू शकत, काकू."

"का?"

तो म्हणाला, "ते त्यालाच विचारा," आणि फोन ठेवला.

बघ! सापडला की नाही चोर? एकटा बसू शकत नाही म्हणे. म्हणजे करणारा लंबूच. आता तरी तू मोकळा होशील. कामावर जायची वेळ झाली, दुपारी पाकीट टाकते.


२ एप्रिल, संध्याकाळी

पाकीट टाकायचं राहिलं. बरं झालं.

आज कारखान्यात कान तपासायला माणसं आली होती. नवा नियम आहे, सगळ्यांचे तपासायचे. एका छोट्या खोलीत बसवतात, कानावर मोठाले हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे एक मुलगी बसलेली. मी म्हटलं यात काय अवघड आहे, काचेत तिचा हात दिसतो, हात हलला की दाबायचं. चार वेळा दाबलं. मग ती मुलगी उठून आत आली, हसली आणि माझी खुर्ची भिंतीकडे वळवली. मुलगी हुशार होती.

नंतर तिने कागद दाखवला. एक रेघ चांगली सरळ जाते आणि मग धाडकन खाली कोसळते. "इथे खड्डा आहे, मावशी. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलं की पडतो. बारीक, उंच आवाज इथले. शिट्टी, किणकिण, बेअरिंगची कुरकुर. आणि गर्दीत मागून कुणी हाक मारली तर पटकन कळत नाही ना?"

मी म्हटलं, "कळतं मला सगळं."

कागद घेऊन केबिनमध्ये आले. चष्मेवालीने तो हातातून घेतला आणि बघत राहिली. मग तिने फोन काढला. तिसऱ्या ट्रॅकमधली शिट्टी तिने कुठल्याशा ॲपवर मोजून ठेवली होती, तिला असल्या खोड्या आहेत. तिने फोन आणि कागद शेजारी शेजारी ठेवले. पाच हजार हर्ट्झ इथे, पाच हजार तिथे. शिट्टी बरोबर माझ्या खड्ड्यात.

"काकू," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला ती शिट्टी ऐकूच आली नव्हती ना?"

नव्हती, ठोक्या. एकदाही नाही. मी आपलं 'आहे खरी' म्हणून वेळ मारून नेली होती.

मी स्टुलावर बसले आणि एकेक गोष्ट डोक्यात शिरायला लागली. ज्याला ती शिट्टी ऐकू येते तो ती ठेवणारच नाही. म्हणजे ज्याने ठेवली त्याला ती येतच नाही, माझ्यासारखीच. ही रेकॉर्ड मला आवडली, कारण वरचे आवाज तू स्वतःला ऐकू येईपर्यंत वाढवत गेलास. तुझ्या कानांना जेवढं पुरलं तेवढंच माझ्याही कानांना पुरलं. लंबू कोपराला बोट लावतो. तू पडद्यावर बघतोस. मी चार पावलांवरून तीनदा हाक मारली.

रेकॉर्ड तुझीच आहे रे. लंबू तुला झाकतोय, आणि मी त्याला चोर म्हटलं. तुला त्या स्टुडिओत एकट्याला बसवायची व्यवस्था मी केली. तिथे तू बसलास तर तुला ऐकू येत नाही हे त्यांना कळेल, आणि नाही बसलास तर तू लबाड ठरशील. दोन्हीकडून तुलाच मारलं मी.

मला आणखी लिहिता येत नाही.

आई


५ एप्रिल

ठोक्या,

लंबूला फोन केला. माफी मागितली. मला माफी मागता येत नाही हे तुला माहीत आहे. दोनदा ठेवला आणि तिसऱ्यांदा बोलले. त्याने सगळं सांगितलं. त्याला ती शिट्टी पहिल्याच दिवशी ऐकू आली होती, पण त्याला वाटलं मुद्दाम ठेवलीयस. तुमच्यात ठेवतात म्हणे मुद्दाम. रेकॉर्ड छापायला गेल्यावर त्याने सहज विचारलं, तर तू म्हणालास, 'कसली शिट्टी?' तेव्हा त्याला कळलं. मग तू चार दिवस खोलीतून बाहेर आला नाहीस. ते टाइप केलेलं उत्तर तूच सांगून लिहून घेतलं होतंस, हेही त्याने सांगितलं. 'नसावी' तुझंच होतं. असू दे.

परवाच कंपनीच्या बाईला दुसरं पत्र पाठवलं, सोबत माझ्या कानांच्या त्या कागदाची झेरॉक्स. लिहिलं की मी कमी ऐकते, हा घ्या पुरावा. लिहिलं की मुलाशी आठ वर्षं भांडण आहे, त्या रागात आणि माझ्या संशयी स्वभावामुळे मी वाटेल ते लिहिलं. शिट्टीचं मला शेजारणीने सांगितलं, मी ती ऐकलेलीसुद्धा नाही. ज्या बाईला शिट्टी ऐकू येत नाही तिच्या शब्दावर माझ्या मुलाला परीक्षेला बसवू नका. तुझ्या कानांबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. यातलं काही खोटंही नाही.

पण तो कागद एकीकडे पाठवायचा आणि इकडे लपवायचा, हे मला जमेना. फोरमनलाही दाखवला. परत आलेले पंखे माझ्या टेबलावरचे होते, बेअरिंगवाला बिचारा सरळ आहे, हेही सांगितलं. तू गेल्यापासून मी मोटरीवर हात ठेवून थरथर बघायचे, चष्मेवालीचं तोंड बघायचे आणि शिक्का मारायचे. शिक्का त्याच्याकडे ठेवून आले. आता पॅकिंगला आहे. पुठ्ठ्याचे खोके घड्या घालून उभे करायचे, बरं काम आहे, पाठ तेवढी दुखते.

तू कानाच्या डॉक्टरकडे जा. गेलेलं परत येत नाही म्हणाली ती मुलगी, पण उरलेलं जपता येतं. लाइव्हच्या वेळी कानात घालायला खास बोळे मिळतात, मापाचे करून, संगीत ऐकू येतं त्यातून. लंबूला सगळं समजावून सांगितलंय. आणि तीन वर्षं प्रेसच्या भिंतीला तुला बिनबोळ्यांचं बसवलं ती चूक माझी. शिकवायच्या नादात झाली. मला तेव्हा कळलं नाही.

आई


१९ एप्रिल

ठोक्या,

तुझं पत्र आलं. हाताने लिहिलेलं. अक्षर तस्संच आहे, प्रत्येक ओळ उतारावर निघालेली. कंपनीने परीक्षा रद्द केली आणि तारखा परत दिल्या, हे लंबूने आधीच कळवलं होतं. तू त्यातलं काहीच लिहिलं नाहीस. दोनच ओळी.

'आई, तुला कधीपासून ऐकू येत नाही? मी टेबलावर होतो तेव्हा येत होतं का?'

संशय घ्यायचा गुण माझ्याकडूनच घेतलास, आणि घेतलास तो नेमक्या जागी घेतलास.

पाच दिवस झाले. तीन उत्तरं लिहिली आणि फाडली. एकात लिहिलं, येत होतं. दुसऱ्यात लिहिलं, थोडंफार कमी झालं होतं. तिसऱ्यात नुसती तुझ्या तब्येतीची चौकशी होती. हे चौथं आहे.

नव्हतं येत.

तुझे बाबा गेले त्याच्या पुढच्या हिवाळ्यात माझ्या हातून एकाच आठवड्यात तीन मोटरी चुकल्या. घरी येऊन तुझ्या टेबलावरचं घड्याळ कानाला लावलं. ते चालू होतं, काटा फिरत होता, आणि मला टिकटिक येत नव्हती. मी कुणाला बोलले नाही. टेबल गेलं असतं तर घरात काही उरत नव्हतं. उन्हाळ्यात तुझी शाळा संपली आणि मी फोरमनला म्हटलं, मुलाचा कान तयार करते, बसू दे माझ्याजवळ.

शिकवायला नव्हतं नेलं तुला. माझ्याऐवजी ऐकायला नेलं होतं. तू डोळे मिटून मोटरीवर वाकायचास आणि मान हलवायचास. उभी हलली की मी हिरवा शिक्का मारायचे, आडवी हलली की लाल. तुला वाटायचं आई परीक्षा घेतेय. तुझं आणि माझं उत्तर रोज जुळतं म्हणून तू खूश व्हायचास. घरी येताना म्हणायचास, आज एकही चुकलं नाही ना?

दुसऱ्याच आठवड्यात तू बोळे मागितले होतेस. कान वाजतायत म्हणालास. आठवतं तुला? मी म्हटलं, होईल सवय. मागच्या पत्रात मी लिहिलं की मला तेव्हा कळलं नाही. कळत होतं. माझे कान त्याच जागी बसून गेले होते, मला कसं नसेल कळत? बोळे दिले असते तर तुला मोटर ऐकू आली नसती आणि मी उघडी पडले असते. म्हणून दिले नाहीत. एकदा नाही, तीन वर्षं, रोज.

आणि तुझं मशीन कपाटात घालून कुलूप लावलं तेव्हा मला तुझ्या संगीताचा राग आला नव्हता. तू गेलास तर उद्यापासून मोटरी कोण ऐकेल, एवढंच डोक्यात होतं.

तू विचारलंस म्हणून हे लिहिलं. विचारलं नसतंस तर मी आपण होऊन कधी सांगितलं नसतं, हेही तुला ठाऊक असू दे.

आई